पुढचं पाठ, मागचं सपाट

दोघं भाऊ एकाच इस्पितळात कामाला, म्हणून भांडार सांभाळणारा तो थोरला आणि संगणकवाला तो धाकटा. नावं कुणाला आठवत होती!

स्कॅन बघायचा प्रोग्राम धाकट्यानंच लिहिला होता. एकेका डोक्याची शेकडो चित्रं. एक बघून होईतो पुढचं मेमरीत आणून ठेवायचं, म्हणजे बटण दाबलं की हजर. आधी या बाबानं हावरटासारखी सगळीच भरली, आणि मशीननं मान टाकली. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला असं फैलावर घेतलं, की विचारू नका. मग त्यानं अक्कल लढवली: पुढची दहा आणायची, बघून झालेलं लगेच टाकायचं. प्रोग्राम सुसाट पळाला. स्वारी खूश!

आणि आज वहिनी जिन्यावरून पडली. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिचं डोकं उघडून सर्जन ऑपरेशन थिएटरात उभे, रक्त थांबत नव्हतं. फोनवरून त्यांचा आवाज आला, "आणखी कुठून वाहतंय का? लवकर सांगा."

धाकटा बाईंच्या खुर्चीमागे उभा होता. बाई भराभर चित्रं पुढे सरकवत गेल्या आणि थबकल्या. "थांब, मागं काहीतरी होतं."

मागचं बटण दाबलं. पडदा काळा, चक्र आपलं फिरतंय. आणखी एक मागे, पुन्हा तेच.

"अरे, शंका आली की माणूस मागे वळतो ना? पुढचं पाठ, मागचं सपाट! हा काय प्रोग्राम झाला?"

माणसं स्कॅनसुद्धा गोष्टीच्या पुस्तकासारखा सरळ वाचत जातात, असं धाकटा धरूनच चालला होता. कुणाला विचारायला काय झालं होतं?

"बदलतो, पण बंद करून उघडावा लागेल."

"मग बघतोस काय!"

मागचीही दहा ठेवावीत? मशीन आत्ता झोपलं तर संपलंच सगळं. कमी ठेवली आणि पुरली नाहीत तर? "बाई, काय झालं?" फोन ओरडला. पाच पुढे, पाच मागे. देवा, चालू दे रे!

प्रोग्राम रखडत उघडला. बाई पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एकही चित्र अडलं नाही.

"सापडलं! उजवीकडे, कानाच्या वर, आतल्या अंगाला."

वहिनी वाचली. डावा हात मात्र उचलेना. "थोडं आधी कळलं असतं तर..." एवढंच बोलून सर्जन निघून गेले. थोरला भेटेल त्याला सांगत सुटला, "आमच्या धाकट्यानं वाचवलं बरं का!"

"तू होतास म्हणून मी आहे रे," वहिनी म्हणाली.

उशीर आपल्याच प्रोग्राममुळे झाला, हे तिला सांगायचं तर होतं. मान खाली घालून तो तिच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून चोळत बसला.