वरचं खाचर आधी

"या मावशींकडे बघा," मॅडम म्हणाल्या.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मळवलीच्या ज्या बंगल्याची मी तेव्हा राखण करत होते, तिथं शहरातल्या मुलांचं शिबिर होतं. विचार कसा करायचा, ते शिकवायचं शिबिर. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

"विचार करायला शिकला नाहीत, तर जन्मभर दुसऱ्यानं सांगितलेलं करावं लागतं. मावशींसारखं. हो ना मावशी?"

पोरं हसली. आणि मीही हसले. म्हणाले, "व्हय मॅडम." त्या हसण्याचीच मला जास्त लाज वाटते. बाईनं चारचौघांत माझी लायकी काढली आणि मी वर तिलाच विचारलं, साखर अजून हवी का.

ते "व्हय" मी घरी घेऊन आले.

आमच्या वस्तीत भाताची लावणी इर्जिकीनं होते. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. कुणाचं खाचर आधी, हे कित्येक वर्षं मीच ठरवत आले. पाणी वरून खाली येतं, म्हणून लावणीही वरून खाली. त्या वर्षी बाया विचारायला आल्या, तर मी म्हणाले, "मला काय कळतंय? शिकल्यालं कुनीतरी ठरवा."

पुतण्यानं मोबाइलवर यादी केली. ज्याची रोपं आधी तयार, त्याचं खाचर आधी. पहिला नंबर माझ्या धाकट्या जावेचा. तिचं खाचर सगळ्यात खाली. वरच्या खाचरांत लावणीआधीची चिखलणी झाली की गढूळ पाण्याचा लोंढा तिच्या कोवळ्या रोपांवर येणार, हे मला बांधावर उभ्या उभ्या दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही. सांगितलेलं करायचं, एवढीच माझी अक्कल ना!

चौथ्या दिवशी लोंढा आला. जाऊ गुडघाभर चिखलात वाहिलेली रोपं गोळा करत होती. तिला नवरा नाही. वर्षाचा भात तेवढाच.

"आक्का, तुमाला कळत व्हतं ना? मंग बोलला का न्हाईत?"

काय सांगणार होते? एका परक्या बाईनं मला बिनडोक ठरवलं आणि मी ते खरं धरलं? मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी उरलेली रोपं तिला लावून दिली, तरी अर्धं खाचर मोकळंच राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शिबिर. त्याच मॅडम. "या मावशींकडे बघा."

मी ट्रे खाली ठेवला.

"माझ्याकडं बोट दावू नका. मी इचार करते. तुमचं ऐकून एकदा सोडला, तर माझ्या जावेचं पीक व्हाऊन गेलं."

कुणी हसलं नाही. संध्याकाळी मालकांचा फोन आला. "मॅडमची माफी मागा, नाहीतर किल्ल्या ठेवा."

किल्ल्या ठेवल्या.

जावेचं ते अर्धं खाचर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हलूही नये. तिथं मी गप्प बसले, ती चूक मॅडमची नाही, माझी आहे. यंदा इर्जिक मी ठरवणार. यादी कुणाचीही असो, चुकीची दिसली की तोंडावर सांगणार.