वकिलाला हटकणाऱ्या मावशी

ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात त्या मावशी दर तारखेला भेटायच्या. कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्या कंपनीनं आमच्यासारखेच त्यांचेही हप्ते घेतले होते, पण बँकेत भरले नव्हते. पाण्याच्या टँकरची पाळी सोडून आल्या तरी त्या कंपनीच्या वकिलाला हसून हटकायच्या, "काय वकीलसाहेब, आज तरी हिशेब आणला का?"

एकदा बाबांना वाळूजच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच आले. आमच्या नावाचा पुकारा झाला. कुणी बोललं नाही तर तक्रार रद्द होणार होती आणि मी बाकाला चिकटून बसले होते.

"कॉलेजात जाती ना गं? ऊठ की! खात नाय कुणी तुला," मावशी म्हणाल्या.

मी उठले आणि आमचे हप्ते कसे बुडाले ते सांगितलं. कंपनीला हिशेब आणायचा आदेश झाला.

पुढचा पुकारा मावशींचा होता. त्यांनी माझी ओढणी घट्ट धरली.

"माझं पण तूच सांग, बाई."