हुसेनबी मणेरचं बोलणं

अर्फा मणेरचे डोळे एका दिवसात गेले नाहीत. शाळेत असताना दिवेलागणीच्या वेळी ती उंबऱ्याला अडखळायची, तेव्हा घरचे म्हणायचे, पोरगी धांदरट आहे. पुढं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचे पडदे वाळत चाललेत, आणि यावर औषध नाही. कडेचं आधी दिसेनासं झालं. मग नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं उरलं, आणि ती नळीही बारीक होत चालली.

तोवर ती विश्रामबागेत एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागली होती. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, दहाव्या-बाराव्याची कार्डं, सगळं तिच्या हातून जायचं. बोटं अशी पळायची की मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बसा, चहा येईपर्यंत होतंय बघा."

डोळे जाणारच असतील तर बोटं तरी तयार ठेवू, असं तिनं मनाशी घेतलं. लग्नसराई संपली की दुकान ओस पडायचं. दुपारी तिची आई, हुसेनबी, डबा घेऊन यायची आणि बाकड्यावर टेकायची. अर्फा स्क्रीन बंद करायची आणि म्हणायची, "अम्मा, बोल काहीतरी. न बघता टाईप करून बघते."

"काय बोलू?"

"काहीपण. गावागावांतलं."

हुसेनबीला बोल म्हणणं म्हणजे ओढ्याला वाहा म्हणण्यासारखं होतं. तिनं उभा जन्म कृष्णाकाठच्या गावांतून बांगड्या विकल्या होत्या. डोक्यावर टोपली घेऊन ती भल्या सकाळी निघायची. कुणाच्या ओटीवर बस, कुणाच्या गोठ्यात बस, बाईचा हात हातात घेऊन दाबून मऊ कर, बांगडी चढव, आणि तेवढ्या वेळात त्या घरातलं सगळं सुखदुःख कानात साठव. घरी ती दखनी बोलायची. पण गावांचं निघालं की नकळत मराठीत शिरायची, तीही तिकडच्या बायकांच्या. अर्फा जसंच्या तसं टाईप करत जायची. चुका झाल्या तर होऊ दे. फाईलला तिनं नाव दिलं होतं 'अम्मा'.

मग नळीही मिटली. उजेड आहे की नाही एवढंच कळायला लागलं. दुकान तिच्याबरोबर काम करणाऱ्या पल्लवीनं चालवायला घेतलं, आणि अर्फा घरी बसली. त्यानंतर दोनेक वर्षांनी एका सकाळी हुसेनबीच्या हातातली भाकरी तव्याऐवजी जमिनीवर पडली. अर्फानं हाक मारली तर उत्तर आलं नाही, नुसता घशातून आवाज आला. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय त्यांना, समजतंयही सगळं. फक्त शब्द बाहेर येत नाहीत."

अर्फाचा धाकटा भाऊ तौसीफ साताऱ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता. तो दोघींना तिकडं घेऊन आला. तो आणि त्याची बायको मिस्बाह कामावर गेले की दोन खोल्यांत या दोघीच उरायच्या.

अम्मा मान हलवायची, ते अर्फाला दिसत नव्हतं. बोटानं दाखवायची, तेही दिसत नव्हतं. शेवटी त्यांचं ठरलं: अर्फानं विचारायचं आणि अम्मानं डाव्या हातानं तिच्या दंडावर थोपटायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पाणी हवं का? हो. दुखतंय का? नाही. दिवस निघत होते, पण अम्माला आपणहून काही काढता येत नव्हतं. जिनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तिला आता लेकीच्या प्रश्नाची वाट बघावी लागत होती. दुपारी घरात एवढी शांतता व्हायची की अर्फाला ती अंगावर रग घातल्यासारखी वाटायची. अम्मा हाताच्या अंतरावर होती, आणि अर्फाला अम्माची आठवण यायची.

तौसीफनं कुणाकडून तरी ऐकून अम्मासाठी मोबाईलवर एक ॲप टाकलं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलायचा. पण त्या चित्रांना आतून नावंच दिलेली नव्हती. अर्फानं आपला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, चालू करून बोट फिरवलं तर तो म्हणत राहिला, "बटण. बटण. बटण." अम्मानं एका चित्रावर बोट ठेवलं, तर एक इंग्रजी बाई 'वॉटर' म्हणाली. अम्मानं फोन गादीवर पालथा घातला. तो आवाज अर्फानं नीट ऐकला.

स्क्रीन रीडर ती पोवई नाक्याजवळच्या एका वर्गात शिकली होती. शिकवणारा कृष्णात, मूळचा खंडाळ्याकडचा. फौजेत असताना सरावाच्या वेळी स्फोटात डोळे गेलेले. पहिल्याच दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं, "भ्यायचं न्हाई ताई. ह्ये यंत्र रंगरूटासारखं हाय. जेवढं सांगाल तेवढंच करनार, पर करनार." अर्फा महिनाभरात पुढं गेली. इतक्या वर्षांनी पेपर वाचला तेव्हा तिनं अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं ऐकून काढलं, आणि घरी येऊन अम्माला कांद्याचा भाव सांगितला.

त्याच दिवसांत तिला ती फाईल आठवली. तिनं पल्लवीला फोन लावला.

"तो कॉम्प्युटर भंगारात गेला गं," पल्लवी म्हणाली. "पण तुझं फोल्डर मी काढून ठेवलंय. टाकू का व्हॉट्सॲपवर?"

फाईल आली. अर्फानं अम्माच्या कॉटवर बसूनच लॅपटॉप उघडला. "अम्मा, ऐक. तुझंच बोलणं आहे," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

"कॅपिटल एस, के, स्वल्पविराम, डॉलर, जे, टक्के, कॅपिटल बी..." यंत्र म्हणायला लागलं. थांबेचना.

अर्फाला वाटलं, चुकीची फाईल आली. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. अम्मा तिच्या दंडावर हात ठेवून बसली होती. तिनं थोपटलं नाही. थोपटायला अर्फानं काही विचारलं कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी कृष्णातनं ऐकून घेतलं. "जुन्या फॉन्टाचं दुखनं हाय ह्ये," तो म्हणाला. "वरनं दिसायला मराठी, आतनं सगळी इंग्रजी अक्षरं. डोळसाला फरक कळत न्हाई. आपलं यंत्र आतलं वाचतं. लय पुस्तकं अशीच पडल्यात, ताई. छापून निघाली, पर आपल्यासाठी मुकीच."

तौसीफनं रविवारी इंटरनेटवर फॉन्ट बदलून देणाऱ्या दोन-तीन जागा धुंडाळल्या. पण मालकानं कुठून तरी आणलेला तो फॉन्ट कुणाच्याच यादीत नव्हता, आणि दुकानातला मूळ फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरबरोबरच भंगारात गेला होता. बदलून आलेलं वाचून तौसीफ हसत सुटला, मग त्यानं बहिणीचं तोंड बघितलं. "राहू दे आपा," तो म्हणाला. "तुला आठवतंच की सगळं."

तेच तर होतं. आठवत नव्हतं. गोष्टींची हाडं आठवत होती. अम्मा ते कसं म्हणाली, कुठं थांबली, कुठल्या शब्दावर आवाज चढवला, ते निसटलं होतं.

फाईल पुसून टाकायलाही मन होईना. दुपारी अम्मा झोपली की अर्फा हट्टानं ती उघडायची आणि एकेक अक्षर ऐकत बसायची. असंच एकदा यंत्र 'के' म्हणालं आणि तिचं उजवं मधलं बोट मांडीवर दाबलं गेलं. 'कॅपिटल एस' म्हणालं, तशी डावी अनामिका दबली आणि उजवी करंगळी शिफ्टकडे गेली. तिनं हात तसाच धरून ठेवला. मग मागं जाऊन पुन्हा ऐकलं, आणि या वेळी बोटांना अडवलं नाही. चार अक्षरं झाली आणि तिच्या तोंडून शब्द बाहेर पडला, "बाई."

कान काही ओळखत नव्हते. पण हीच बोटं याच बटणांवर वर्षानुवर्षं पळाली होती. यंत्रानं अक्षर म्हणायचं, बोटानं मांडीवर दाबायचं, आणि शब्द तोंडात यायचा. गुंता सोडवावा तसं ती एकेक वाक्य सोडवायला लागली.

सोडवलेलं ठेवायचं कुठं, हा पुढचा घोर. बोलून टाईप करायची सोय फोनवर होती. तिनं अम्माचं वाक्य म्हटलं, "म्या म्हनलं, न्हाई." फोननं लिहिलं, "मी म्हणालो, नाही." तिनं पुन्हा म्हटलं. फोननं पुन्हा सुधारलं. तिसऱ्यांदा अर्फा फोनवर खेकसली, "अम्मा 'नाही' म्हणतच नव्हती!" शेवटी कृष्णातनं शिकवलेल्या नव्या कीबोर्डवर ती एकेक अक्षर टाईप करू लागली. जुनी बोटं मधेमधे घुसायची, गोंधळ व्हायचा, पुसून पुन्हा करावं लागायचं. हिवाळा त्यात गेला.

पहिली गोष्ट पुरी झाली त्या दिवशी दुपारी तिनं अम्माला उशीला टेकवून बसवलं आणि फोन दोघींच्या मधे ठेवला. फोनमधली बाई सपाट आवाजात वाचू लागली:

"भिलवडी. हरणाबाईचा मालक जाऊन वरीस झालं हुतं. मी गेले की ती उंबऱ्यावर येऊन बसायची, बांगड्या बघायची, हात लावायची न्हाई. येक दिस म्हनली, हुसेनबी, आत ये जरा. आत गेले तर म्हनली, हिरव्या चार भर. म्या भरल्या. तिनं हात कानाजवळ नेला आन् हालवला. लय येळ हालवला. मंग सोताच काढून माज्या वटीत टाकल्या. म्या म्हनलं, आसू दे गं, घरात कोन बघतंय? तर म्हनली, बघत न्हाई कोन, पर आयकत्यात की."

वाचणारी बाई 'न्हाई'ला अडखळली, 'लय' भलतीकडेच तोडलं, आणि शेवटच्या वाक्यावर आवाज चढवायचा तिथं उतरवला. अर्फाला वाटलं, हे करायला नको होतं. अम्माचे शब्द होते, पण कुणीतरी तिचं लुगडं नेसून दारात उभं राहावं, तसं वाटत होतं.

अम्मा हलली नाही. ती रडते आहे की हसते आहे, अर्फाला कळायला वाव नव्हता. मग दंडावर हात आला. दोनदा.

"नाही? आवडलं नाही?"

दोनदा. जरा जोरात.

"चुकलंय काही?"

एकदा.

अर्फा सरसावून बसली. तिनं वाक्य वाक्य थांबवत पुन्हा लावलं. अगदी वर, गोष्टीच्या आधी, गावाचं नाव होतं: भिलवडी. तिथं दोन थापा पडल्या.

"भिलवडी नव्हे? औदुंबर?" दोनदा. "पलूस? बुर्ली?" दोनदा, दोनदा. "अंकलखोप?"

एक थाप पडली, आणि पाठोपाठ अम्माच्या घशातून खळखळून आवाज आला. त्याला हसू म्हणायला अर्फाला कुणाला विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी तौसीफ आला तेव्हा दोघींचं भांडण चाललं होतं. हरणाबाईला मुलगे किती, यावर. अर्फा एक म्हणत होती आणि अम्मा थापा मारत होती. तौसीफ दारातच चपला हातात धरून उभा राहिला, असं मिस्बाहनं नंतर अर्फाला सांगितलं.

तेव्हापासून दुपारी तेच चालू झालं. फोननं वाचायचं, अम्मानं अडवायचं, अर्फानं शोधायचं. बऱ्याच चुका त्या काळी अर्फाच्या बोटांच्या होत्या. काही अम्माच्याच होत्या, पण ते ती मान्य करत नसे. कृष्णातनं वर्गात दोन गोष्टी लावल्या, तर पोरं पुन्हा पुन्हा मागायला लागली. अर्फानं ते अम्माला सांगितलं. अम्मानं बराच वेळ तिच्या दंडावर नुसता हात ठेवला.

फाईल उन्हाळ्याच्या तोंडाला संपली. संपली म्हणजे तुटली. शेवटची गोष्ट आष्ट्याच्या बाजारातली होती. एक अनोळखी म्हातारी हात पुढं करून बसली, आणि अम्मानं तो हात धरताच ओळखला. "म्या म्हनलं, आजी, ह्यो हात म्या कवातरी भरलाय. तवा तिनं माज्याकडं बघितलं आन् म्हनली"

पुढं काही नव्हतं. अर्फानं बाण मारून मारून खाली जाऊन बघितलं. यंत्र म्हणत राहिलं, "रिकामं." त्या दिवशी कुणीतरी घाईचं गिऱ्हाईक आलं असेल. 'उरलेलं उद्या सांग' असं आपणच अम्माला म्हटलं असेल. आणि त्या उद्याला अम्मानं दुसरंच काही काढलं असेल.

"अम्मा, काय म्हणाली गं ती?"

अम्मानं घशातून जोर लावला. दोन-तीनदा लावला. मग हात गादीवर ठेवून दिला.

कृष्णात म्हणाला, "शेवट तुमीच लिवा की, ताई. आईचं बोलनं तुमास्नी पाठ हाय." तिनं एकदा लिहूनही बघितला. चांगला जमला होता. फोननं वाचून दाखवल्यावर तिनं तो पुसून टाकला आणि अम्माला सांगितलं नाही.

अजूनही मधेच कधीतरी, भाजी निवडताना किंवा अम्माचे केस विंचरताना, ती विचारते. "ती म्हणाली का, मी तुझ्याच गावची?" दोनदा. "ती म्हणाली का, माझ्या लग्नात तूच आली होतीस?" दोनदा. कधी कधी अम्मा थोपटतच नाही. घशातून आवाज काढते, लांबलचक, चढउतारांसकट, मधे एका जागी थांबून पुन्हा सुरू होणारा. त्यात शब्द नसतो एकही. अर्फा हातातलं काम बाजूला ठेवते आणि मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकते.