वाढवा की मोठं करा

मुलाचा जुना लॅपटॉप पुन्हा चालू व्हावा असं घरात कोणी उघड म्हणत नव्हतं, पण हवं तेच होतं. त्याच्यात ह्यांचा आवाज होता. ह्यांचा म्हणजे माझ्या मिस्टरांचा. घशाच्या ऑपरेशननंतर ह्यांना बोलता येत नाही. ओठ हलतात, श्वास ऐकू येतो, शब्द येत नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही राहायचो तेव्हा मजल्यावर कोणाकडे काही नवीन आलं की गाऱ्हाणं घालायला ह्यांना बोलावत. आम्ही मालवणकडचे. नारळ पुढ्यात ठेवायचा, काय आणलंय, कोणी आणलंय, काय बिघडू नये ते देवाला नीट सांगायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ह्यांनी फ्रीजला गाऱ्हाणं घातलं, शिलाई मशीनला घातलं, एकदा शेजारच्या आजींच्या नव्या कवळीलाही घातलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, तरी ‘व्हय म्हाराजा’ चुकवत नव्हत्या. मी नुसते ओठ हलवायची. चार माणसांत आवाज काढायला मला जड जातं. एवढे जण म्हणतायत, त्यात माझं कोणाला कळणार, असं वाटायचं.

मुलाने लॅपटॉप आणला तेव्हा त्यालाही गाऱ्हाणं झालं. मुलाने ते त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. ह्यांचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट राहिली. पुढे मुलगा बोटीवर नोकरीला लागला, चाळ पाडायला घेतली, आणि नवीन इमारत होईपर्यंत आम्ही परळला भाड्याच्या खोलीत आलो. मजल्यावरची माणसं कोणी कुठे, कोणी कुठे गेली. लॅपटॉप ट्रंकेत राहिला. काढून लावला तर कंपनीचं नाव यायचं, गोल फिरत राहायचं, आणि पुढे काही नाही. मुलगा बोटीवरून फोनवर सांगायचा, असं करा, तसं करा. आम्ही करायचो. गोल फिरतच राहायचं.

सूनबाई म्हणाली, “ह्याला लिनक्स टाकते. जुन्या मशीनला हलकं पडतं.”

सून दादरची, शिवाजी पार्कजवळ वाढलेली. इथे परळलाच, पूर्वी मिल होती त्या जागेवरच्या ऑफिसात, चित्रांचं काम करते. मोबाइलवर जी छोटी चित्रं दिसतात, बोट लावलं की उघडणारी, तसली ती काढते. लिनक्स म्हणजे लॅपटॉपला चालवणारी सिस्टम, ती फुकट मिळते आणि आपल्याला हवी तशी रंगवता येते, एवढं मला तिने सांगितलं. मग बरेच दिवस ती ऑफिसातून आल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवर काहीतरी रंगवत बसायची. मला विचारायची, “आई, चाळीतल्या दरवाजाचा हिरवा असा होता की आणखी काळपट?” मी म्हणायची, “काळपट. कडीपाशी तर काळाच.”

एका रविवारी तिने पेनड्राइव्ह लावला. आमच्या बंद पडलेल्या लॅपटॉपवर आमच्या चाळीची गॅलरी आली. लाकडी कठडा, वाळत घातलेल्या साड्या, टोकाला पाण्याचं पिंप. बाजूला तिने काढलेली चित्रं होती. फायली ठेवायची जागा म्हणजे ट्रंक, नको ते टाकायची जागा म्हणजे सुपली, गाण्यांसाठी टाळ, इंटरनेटसाठी खिडकी. खाली सगळं मराठीत. हे खुर्ची ओढून जवळ आले आणि पिंपावर बोट ठेवलं.

“बाबा, स्क्रीनवर बोटाचे डाग पडतात,” सून म्हणाली.

ह्यांनी बोट काढलं आणि दुसरं ठेवलं.

मी म्हटलं, “आपली ट्रंक निळी होती.”

“करते निळी. हे अजून आत बसवलेलं नाही, नुसतं वापरून बघायचं. पेनड्राइव्ह काढला की गेलं.”

दादरला साडीच्या दुकानात माणूस आपल्या अंगावरच्या साडीवरूनच नवीन साडी खांद्यावर टाकून दाखवतो, तसं हे. आरशात बघायचं, आवडली तर बांधून घ्यायची.

तिने ट्रंक उघडली. आत लॅपटॉपची जुनी जागा दिसत होती, मुलाचे फोटो दिसत होते, आणि एका ओळीत लिहिलं होतं, ‘बाबा गाऱ्हाणं’. सूनबाईने ते दाबलं. रेघ पुढे सरकायला लागली, पण आवाज आला नाही. तिने आवाज वाढवून बघितला, पुन्हा लावलं. नाहीच.

“आवाजाचं काहीतरी वेगळं टाकावं लागेल,” ती म्हणाली. “ते आत बसवल्यावरच राहतं.”

हे रेघेकडे बघत होते. ती शेवटपर्यंत गेली आणि थांबली. सून म्हणाली माझ्या लॅपटॉपवर लावते, तर ह्यांनी मानेनेच नको म्हटलं, ज्याला गाऱ्हाणं घातलं त्याच्यातूनच ह्यांना ऐकायचं होतं.

संध्याकाळ झाली होती, मी देवापाशी दिवा लावत होते. सून म्हणाली, “आई, तुम्हीच करा आता. कोपऱ्यात समईचं चित्र आहे, त्याच्याखाली ‘बंद करा’ लिहिलंय, ते दाबा.”

“दिवेलागणीला बंद करा काय म्हणायचं,” मी म्हटलं. मी सहसा असं बोलत नाही, पण समई होती म्हणून बोलले. “दुकानदारसुद्धा दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. नारळ आपण वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो.”

“मग काय लिहू, वाढवा?”

“लिही की.”

“ऑफिसात कोणी बघितलं ना, तर म्हणतील ही लॅपटॉपला पानावर वाढायला सांगतेय.” पण तिने लिहिलं. समईखाली ‘वाढवा’ आलं. मी ते दाबलं, पडदा काळा झाला. त्यानंतर रोज संध्याकाळी ती मला पेनड्राइव्ह लावून द्यायची, मी गॅलरी बघायची, ट्रंक उघडून फोटो बघायची, आणि शेवटी वाढवायची. त्या शब्दाने पडदा काळा होतो हे मला पक्कं झालं.

पुढच्या रविवारी आत बसवायचं ठरलं. सुनेने आधीच सांगितलं होतं, जुन्या भागाला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी नव्याला जागा करून द्यायची. हे सकाळपासून दाढी करून बसले होते. फळीवर नारळ आणून ठेवलेला होता, तो मी आणला नव्हता.

पडद्यावर एक लांब पट्टी आली. अर्धी हिरवी, अर्धी केशरी. हिरव्यावर ‘जुना’, केशरीवर ‘नवा’. बसवायच्या वेळी जे प्रश्न येतात तेही सूनबाईने मराठीत करून ठेवले होते. ती सांगत होती तेवढ्यात खालून सिलिंडरवाल्याने हाक मारली. आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि तो वर यायला कुरकुर करतो.

“मी त्याला घेऊन येते,” ती चप्पल घालत म्हणाली. “आई, हे तपासून झालं की मधे एक बटण येईल. तेवढं दाबा. बाकी कशाला हात लावू नका.”

ती गेली. तपासून झालं. हिरव्या आणि केशरीच्या मधे बटण आलं. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘वाढवा’.

मी चौथी शिकलेली. वाचायला मला वेळ लागतो, पण मी सगळं वाचते. आधी वाचलं ‘जुना’. मग वाचलं ‘वाढवा’. मग पुढे ‘नवा’. जुना वाढवा.

मी हात मांडीवर ठेवला.

ह्यांनी मला कोपराने ढोसलं. दाब. ह्यांचा जन्म मिलमधल्या मशिनींवर गेला, बटण समोर असताना थांबायचं ह्यांना जमत नाही. मी म्हटलं, “थांबा, ती येऊ दे.” ह्यांनी तोंडाने मोठा श्वास सोडला, म्हणजे ‘काय बाई आहे’, आणि स्वतःच बोट पुढे केलं. मी ह्यांचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांचा हात असा धरल्याचं मला आठवत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “त्यात तुमचा आवाज आहे.”

हे बोट मागे घेईनात, पण पुढेही नेईनात. तसेच बसलो. जिन्यात सिलिंडर आपटत आपटत वर येत होता.

सून आत आली. सिलिंडरवाला गेल्यावर तिने पडद्याकडे बघितलं. “दाबलं नाही?”

“नाही.”

“का हो?”

“वाढवा लिहिलंय.”

“हो मग? दाबा ना.”

“जुना वाढवा लिहिलंय.”

 ती माझ्या शेजारी खाली बसली आणि ओळ वाचली, माझ्यासारखीच, बोट लावून. “अहो आई, हे मोठं करायचं वाढवा. नव्याला जागा कमी पडतेय, ती वाढवा.”

“मला काय माहीत कुठलं ते. रोज तर त्याने काळं होतं.”

“बरोबर आहे. एकच शब्द दोन ठिकाणी ठेवलाय मी.” मग ती हसायला लागली. “आणि तुम्ही बाबांचा हात कशाला धरून बसलाय?”

मी सोडला. ह्यांनी मनगट चोळून दाखवलं, जसं काही मी मोडलंच होतं.

दाबलं असतं तरी काही गेलं नसतं, असं सून म्हणते. तसंच असेल. पण त्या दिवशी ती जरा वेळ पट्टीकडे बघत बसली आणि म्हणाली, “नाही, आधी कॉपी काढू.” ऑफिसच्या बॅगेतून तिने दुसरा पेनड्राइव्ह आणला. पुन्हा पहिल्यापासून गॅलरी आली, ट्रंक उघडली, गाऱ्हाणं उचलून त्या पेनड्राइव्हवर ठेवलं. तो तिने माझ्या हातात दिला. मी तो देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्यामागे ठेवला. बटणावर तिने ‘मोठं करा’ लिहून घेतलं. मग मी दाबलं.

दुपारची जेवणं झाली तरी रेघ सरकत होती. मग लॅपटॉप आपोआप बंद झाला आणि आपोआप चालू झाला. पेनड्राइव्ह काढलेला होता, तरी गॅलरी आली. ट्रंक निळी होती. सुनेने आवाजाचं जे टाकायचं ते टाकलं आणि ‘बाबा गाऱ्हाणं’ दाबलं.

आधी चाळीतला गोंगाट आला, भांड्यांचा, मुलांचा. कोणीतरी “गप रवा रे” म्हणालं. मग हे.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान घरात कॉम्पुटर हाडल्यान हा. तेका कोणाची नजर लागा नये, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” लॅपटॉपातली सगळी माणसं म्हणाली.

हे उठले. फळीवरचा नारळ आणून लॅपटॉपपुढे ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. सून पटकन उभी राहिली, मीही राहिले. लॅपटॉपमधून हे त्याच लॅपटॉपसाठी मागत होते. इजेचो झटको बसा नये. पोरग्याचे डोळे बिघडा नये. ह्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते, एकही शब्द मागेपुढे नाही.

पण शेवटच्या मागणीच्या आधीच रेकॉर्डिंग तुटलं. मुलाने तेव्हा लवकर थांबवलं असणार.  हे थांबले नाहीत. ह्यांचे ओठ हलत राहिले, नुसता श्वास ऐकू येत होता. काय मागत होते ते मला माहीत होतं. शेवटी घरातल्या सगळ्यांना सुखी ठेव म्हणतात. मागून झाल्यावर हे थांबले आणि वाट बघायला लागले. सुनेला हे माहीत नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

ह्यांनी ऐकलं की नाही असं वाटून मी पुन्हा जरा मोठ्याने म्हटलं. मग ह्यांनी नारळ उचलला आणि मोरीत जाऊन वाढवला.