अम्मीचं कार्ड

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. धामणगाव बढ्यात लोक मला अजून भला माणूस म्हणतात. मीही म्हणू दिलं — त्यात माझं काय जात होतं?

रहीमचाचांचं गावाबाहेर गुऱ्हाळ होतं. वाटेनं जाणाऱ्याला रस पाजल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत. मग बीटी कापूस आला, उसाच्या रानात सगळ्यांनी सरकी लावली आणि चाचांची गुळाची कढई पालथी पडली. पुढे कपाशीनंही दगा दिला. चाचा स्टँडवर रसाची गाडी लावू लागले.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. वर्गातल्या पोरांना गुऱ्हाळ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, म्हणून उसावर प्रदर्शन मांडायचं ठरवलं. चाचांनी ट्रंकेतून इंग्रजांच्या काळातलं फोटोचं पोस्टकार्ड काढून दिलं. बैलांचा लाकडी चरक, आणि त्यात ऊस सरकवणारी एक तरुण बाई — त्यांची अम्मी. चाचा दोन वर्षांचे असताना ती गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं होतं — नाही कसं म्हणू?

आणि मी काय केलं? कणकेची खळ शिजवून ते कार्ड पुठ्ठ्यावर चिकटवलं. कोपऱ्यांना चार टाचण्या लावाव्या, एवढीही अक्कल नव्हती? आमचं प्रदर्शन बुलढाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत गेलं, तिथं बक्षीस मिळालं. घरी येऊन पाणी लावून कार्ड सोडवायला गेलो. चरक निघाला, बैल निघाले — अम्मीचा चेहरा पुठ्ठ्यालाच राहिला. नखानं खरवडला, तर त्याचा लगदा झाला.

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, कार्ड एसटीत विसरलं.

चाचा गाडी बंद ठेवून बुलढाण्याच्या डेपोत जाऊ लागले. एकदा नाही — आठवडाभर. दिसेल त्या कंडक्टरला विचारायचे. त्यांना बसमध्ये चढताना मी पाहायचो, आणि शाळेत जाऊन हजेरी घ्यायचो. शेवटी तेच माझी समजूत घालायला आले. "मनाले लावून घेऊ नका, मास्तर. तुमी काय मुद्दाम केलं?" मी मान हलवली. उरलेल्या कार्डात अम्मीचे हात होते. निदान ते तरी द्यायचे! पण पकडला जाईन म्हणून त्याच दिवशी मी ते चुलीत घातलं.

काही वर्षांनी चाचांनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो, तर जवळ बसवून घेतलं.

"अम्मीचा चेहरा आता आठवून नाही राह्यला, मास्तर. तुमी तर जवळून पाह्यला. कशी दिसे हो?"

मी चरक पाहिला होता. बैल पाहिले होते. तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"तुमच्यासारखीच," मी म्हणालो.

"हाव?" चाचा हसले. मग कितीतरी वेळ स्वतःच्याच गालावरून हळूहळू हात फिरवत राहिले, आणि मी ते बघत बसलो.