नमुन्याच्या पिशवीवरचं नाव

आमची दीपमाला एक सही करते तवर माझा चहा पिऊन होतो. गंमत न्हाई करून राह्यलो, खरं सांगतो. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत माझी ही बायको अकरा वर्षं नमुने काढायच्या कामाला होती. हरेक लॉटमधलं मूठभर बी कापडी पिशवीत भरायचं, तोंड शिवायचं, चिठ्ठीवर तारीख टाकून सही करायची. बाकीच्या बाया दोन अक्षरांत मोकळ्या व्हायच्या. ही मात्र लिहिणार, दीपमाला वसंता खरात! सुपरवायझर बद्रीनाथ ओरडायचा, "अहो बाई, सही करा, निबंध कशाला लिहिता?" टेम्पो घेऊन गेटवर उभा असलेला मीबी हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचो.

तिचं उत्तर ठरलेलं. तिचे वडील राजानंद, पिंपळगाव रेणुकाईचे. गावात त्यांना अर्ध्या नावानं हाका मारायचे. उतारवयात रात्रीच्या वर्गाला जाऊन ते लिहायला शिकले आन् लेकीला बजावलं, नाव लिहायचं तं पूर्ण, कुणाला तोडू द्यायचं न्हाई.

दीड वर्षामागं तिनं औषध लावलेलं बी हाताळणाऱ्या बायांसाठी हातमोजे मागितले. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत लावलं. कामगार कार्यालयात समेटासाठी बोलावलं, तं कंपनीचा माणूस बिनधास्त बोलला, "ही बाई आमच्याकडं कधीच नव्हती." अकरा वर्षं, आन् म्हणे कधीच नव्हती! माझं टाळकंच सरकलं. मी उठलो, तं दीपमालानं शर्ट धरून खाली बसवलं.

समेट फिसकटला, प्रकरण कामगार कोर्टात गेलं. साक्षी सुरू व्हायच्या आधी समोरच्याकडून कागद मागायची एक पायरी असते, हे मला तवा कळलं. आमच्या वकील सुमेधाताईंनी अर्ज केला, हजेरीचं मस्टर आन् गेटचं रजिस्टर हजर करा. कंपनीनं शपथेवर लिहून दिलं की या बाईच्या नावाचा कागद आमच्याकडं न्हाईच. कोर्टाबाहेर लिंबाखाली मी हात टेकले. म्हणलं, सोड आता, दुसरीकडं काम बघू.

"काम मिळंल हो. पण मी तिथं नव्हतेच, हे कसं ऐकून घेऊ?" ती बोलली आन् ताईंकडं वळली. "ताई, कागद न्हाई म्हणतेत ना? मंग पिशव्या मागा."

ताईंना काही कळंना. मंग हिनं समजावून सांगितलं. उद्या शेतकऱ्याची तक्रार आली तं दाखवायला हवं, म्हणून कंपनी सगळे नमुने तीन वर्षं थंड खोलीत जपून ठेवते. माणसाला हाकलतेत, पिशवीला हात लावत न्हाईत.

दुसरा अर्ज गेला. कंपनीच्या वकिलानं लई फाटे फोडले, पण जजसाहेबांनी हुकूम दिला, बाई सांगते त्या सहा लॉटचे नमुने पुढच्या तारखेला आणा.

पिशव्या आल्या. जजसाहेबांनी चष्मा सारखा केला आन् पहिली चिठ्ठी वाचली, "दीपमाला वसंता खरात." दुसरीवर तेच. सहाच्या सहा पिशव्यांवर तेच! माझंबी नाव तिच्या नावासंगं त्या थंडीत बसून होतं, आन् मी येडा बाहेर हॉर्न वाजवत होतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सांगायला लाज कशाची?

पुढच्या तारखेला, साक्षी सुरू व्हायच्या आधीच, कंपनीचा वकील लेखी कबुली घेऊन आला. ही आमचीच कामगार, हिला कामावर परत घेतो. ताईंनी वाचून मान डोलावली आन् सहीसाठी पेन दीपमालाला दिलं. तिनं कागद वाचला आन् पेन खाली ठेवलं.

"ही डी. व्ही. खरात कोण?"

"तुम्हीच की बाई," वकील बोलला.

"मी दीपमाला वसंता खरात. पूर्ण लिहून आणा, मंग सही करते."

मी तं हादरलोच. हातातोंडाशी आलेला घास! वकील कागद उचलून टायपिंगवाल्याकडं गेला. पाऊण तासानं नवा कागद आला, बराबर पूर्ण नावाचा. तिनं एकेक अक्षर काढत सही केली. बाहेर माझ्या टेम्पोचं भाडं खोळंबलं होतं, सारखा फोन येत होता. खोळंबू दे म्हणलं.