वजन भरत नाही

"वजन अजून भरत नाही अक्का. पुढच्या आठवड्यात बघू."

अक्कांना मी दिलेली ही तिसरी तारीख. पहिल्यांदा जंत, दुसऱ्यांदा सर्दी, आता वजन. समोर टेबलावर पेशंट पोट वर करून पसरला होता. पोट असं, की चालताना जमिनीला लागावं. अक्कांनी त्या पोटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सोबत आणलेली झाकणाची वेताची बुट्टी उचलून तशाच परत गेल्या.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी सरकारी नोकरी मोहोळ, माढ्याकडं गेली. म्हशी, शेळ्या, मेंढ्या. मांजराला पेशंट म्हणून मी कधी मोजलंच नव्हतं. रिटायर होऊन सोलापुरात पहिल्या मजल्यावर दवाखाना टाकला, तर म्हशी काही जिना चढून येईनात. आली ती मांजरं.

आणि त्यांच्या मागोमाग आलं फॉस्टरिंग. म्हणजे आई नसलेलं पिल्लू कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं. बाटलीनं दूध पाजायचं, ओल्या कापसानं पुसून शू करवायची, खायला शिकवायचं आणि देऊन टाकायचं. अवघड काम ते शेवटचं. आमच्याकडची पिल्लं कॉलेजच्या काही पोरी सांभाळतात, त्यांना मी यावर लेक्चर द्यायचो. मोहोळचा एक मेंढपाळ मला म्हणाला होता, "सायब, बाजारला न्यायच्या कोकराला नाव ठिवायचं न्हाय." हे वाक्य मी माझं म्हणून खपवत होतो. पिल्लू देताना रडणाऱ्या एका पोरीला तर "प्रोफेशनल व्हा" असंही म्हणालो होतो. सांगायला काय जातंय!

मग टॉवेल कारखान्यामागं सापडलेलं एक पिल्लू कुणीतरी आणून दिलं. डोळेही उघडले नव्हते. पोरींच्या नेमक्या परीक्षा. म्हटलं, ठेवतो मीच. नियमाप्रमाणे नाव ठेवलं नाही, नुसतं 'पेशंट' म्हणायचो. पुढं पुढं 'पेशंट' म्हटलं की ते कापसाच्या ड्रॉवरमधून मान वर काढायला लागलं. तरी हे नाव नव्हे, असं मी बायकोला, सुनंदाला, छातीठोकपणे सांगत होतो.

अक्का शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी. टॉवेलच्या कडा शिवायचं काम घरीच करतात. त्यांची म्हातारी मांजर माझ्याच टेबलावर गेली. घरात आता मशीनशिवाय कुणाचा आवाज नाही, असं त्या तेव्हा म्हणाल्या, आणि मी मोठ्या तोंडानं शब्द देऊन बसलो, पुढचं पिल्लू तुमचं. पिल्लू द्यायला फिट आहे का, हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. पेशंट केव्हाच फिट होता. डॉक्टरचं काही खरं नव्हतं.

अक्का गेल्यावर सुनंदा म्हणाली, मुलीच्या सासरच्यांनासुद्धा तुम्ही एवढे हेलपाटे घालायला लावले नव्हते. मी म्हटलं, तुला यातलं मेडिकल कळत नाही.

पुढच्या आठवड्यात अक्का पुन्हा आल्या. बुट्टीत धुतलेला टॉवेल अंथरलेला. बसल्यासुद्धा नाहीत.

"डॉक्टरसाहेब, द्यायचं नसंल तर तसं सांगा की. रिकामी बुट्टी घेऊन घरी जायला लई जड वाटतंय आता."

मी सवयीनं "वजन" म्हणायला तोंड उघडलं. सुनंदानं पेशंटला काट्यावर ठेवलं आणि काटा माझ्याकडं वळवला. मी खाली मान घालून त्याला बुट्टीत ठेवलं. मग उगाच खाण्यापिण्याच्या सूचना देत राहिलो. अक्कांनी सगळ्या ऐकून घेतल्या. नंतर सावकाश म्हणाल्या, चार पोरं वाढवलीत मी.

त्या गेल्यावर मी कापसाचा ड्रॉवर बंद करायला गेलो आणि रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. बाहेर लॅब्राडोर घेऊन आलेले गृहस्थ घाबरून विचारायला लागले, आत कुणाचं काही गेलं का.

पुढच्या लसीला अक्कांनी दवाखान्यात यायचं होतं. मीच स्कूटर काढून त्यांच्या घरी गेलो. पेशंट टॉवेलच्या ढिगावर झोपला होता. मी हाक मारली. त्यानं एक डोळा उघडला, मला ओळखलं असावं, कारण फिस्कारून मनगटावर पंजा मारला आणि थेट अक्कांच्या पदराआड शिरला. अक्कांना माझी दया आली. त्यांनी चहा टाकला.

फॉस्टरिंग यशस्वी झालं, ते हे असं. पोरींना मी शिकवायचो, पिल्लू नव्या माणसाच्या मागं लपलं की आपलं काम झालं. मी लस टोचली, चहा प्यायलो आणि मनगट चोळत घरी आलो.

ज्या पोरीला मी प्रोफेशनल व्हायला सांगितलं होतं, तिची नंतर माफी मागितली. ती फार हसली. आता सांभाळायला आलेल्या पिल्लांची बाकी सगळी तपासणी मीच करतो. वजन मात्र सुनंदा करते.